ड्राय बाल्कनीतल्या सिंकचं पाणी हळू जातंय? पावडर ठेवा बाजूला, आधी एक बादली घ्या

ताई, तुमचं दुखणं थोडक्यात परत मांडतो, म्हणजे मला नीट समजलंय की नाही ते तुम्हालाही कळेल. पाथर्डी फाट्याला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, बिल्डिंग सहा वर्षांची, ड्राय बाल्कनीत भांडी घासायचं स्टीलचं सिंक आणि त्याच्याच वेस्ट पाईपला टी (तीन तोंडांचा जोड) मारून वॉशिंग मशीनचं पाणी सोडलेलं. दिवाळीपासून सिंकचं पाणी हळू जातंय, गट गट आवाज करत जातंय, मशीन पाणी सोडायला लागलं की सिंकमध्ये फेस वर येतो. दोनदा पाईप साफ करायची पावडर टाकली, एकदा सोडा आणि व्हिनेगर टाकलं, चार दिवस बरं गेलं आणि पाचव्या दिवशी परत तेच. मधे झुरळं येतात म्हणून कुणीतरी पाईप नहाणीत, म्हणजे फरशीतल्या जाळीच्या भोकात, जातो तिथे गोल एम-सील लावून दिलं. आणि आता एका प्लंबरने पाच मिनिटं उभ्या उभ्या बघून सांगितलंय की टाईल फोडून लाईन बदलावी लागेल.

टाईल फोडू देऊ नका. निदान आत्ता तरी नको. मी सव्वीस वर्षं नाशिकमध्ये हेच काम करतोय, सिडकोतल्या जुन्या घरांपासून गंगापूर रोडच्या टॉवरपर्यंत, आणि तुम्ही जे लिहिलंय त्यात मला एकच गोष्ट खटकली, ती म्हणजे पाणी नक्की कुठे अडतंय हे अजून कुणी बघितलेलंच नाहीये. पावडर टाकणाऱ्याने बघितलं नाही, एम-सील लावणाऱ्याने नाही आणि टाईल फोडायला निघालेल्यानेही नाही. जागा माहीत नसताना केलेला कुठलाही इलाज हा अंधारात दगड मारणं आहे आणि पैसे तुमचे जातात.

आधी पाण्याची वाट समजून घ्या. सिंकच्या भोकात जाळी, त्याखाली वेस्ट कपलिंग (सिंकच्या भोकात बसणारा जोड), त्याला लटकलेला बॉटल ट्रॅप (तळाला वाटी असलेला बाटलीसारखा भाग), तिथून तो पांढरा घड्या घड्यांचा वेस्ट पाईप, तो खाली जमिनीतल्या नहाणी ट्रॅपमध्ये, नहाणीतून ७५ एमएमचा पाईप स्लॅबखालून डक्टमध्ये, म्हणजे पाईपांच्या उभ्या पोकळीत, तिथल्या उभ्या लाईनीतून खाली जमिनीलगतचा गल्ली ट्रॅप आणि मग चेंबर. यात बघण्यासारखं हे की पाणी जसजसं पुढे जातं तसतसा पाईप मोठा होत जातो. सुरुवातीला ३२ किंवा ४० एमएम, मग ७५, पुढे ११०. म्हणून एकट्या तुमच्याच घरात एकट्या सिंकलाच त्रास असेल तर दहातल्या आठ वेळा अडचण पहिल्या दीड-दोन मीटरमध्ये सापडते, जिथे हात पोचतो, टाईलखाली नाही. खालच्या आणि वरच्या मजल्यावरच्यांनाही एकाच वेळी त्रास असेल तर मात्र तो सोसायटीच्या लाईनीचा विषय, त्यात तुम्ही स्वतःच्या खर्चाने काही करू नका.

आता बादलीची परीक्षा. ही मी प्रत्येक घरात सगळ्यात आधी करतो. सिंकची जाळी काढा, भोकाला ओलं फडकं घट्ट लावा, मोजून १० लिटर पाणी सिंकमध्ये भरा. मोबाईलवर सेकंद लावा आणि फडकं ओढा. निरोगी सिंक असेल तर १० लिटर पाणी अर्ध्या मिनिटाच्या आत जातं आणि शेवटी छोटा भोवरा करून सुर्रकन आवाज येतो. तुमचं किती वेळात जातंय ते लिहून ठेवा. मग दुसरी पायरी, वेस्ट पाईपचं खालचं टोक नहाणीतून बाहेर काढा, एम-सील आहे ते स्क्रू ड्रायव्हरने टोकरून सुटेल, आणि ते टोक एका मोठ्या बादलीत सोडा, बादली २० लिटरची घ्या नाहीतर बाल्कनीत तळं होईल. मशीन या वेळी बंद हवं. परत १० लिटर भरा, परत सोडा, परत सेकंद मोजा. आणि तिसरी पायरी, बादलीत जमलेलं ते पाणी एका दमात नहाणीत ओता आणि नहाणी ते गिळते का वर येते ते बघा. बस, तीन पायऱ्या, दहा मिनिटं, आणि तुम्हाला त्या उभ्या उभ्या बघून गेलेल्या माणसापेक्षा जास्त माहिती असेल.

बादलीतही पाणी रडत रडतच आलं तर दोष वर आहे, जाळी ते वेस्ट पाईप यात. बादलीत धो धो आलं पण नहाणीत ओतल्यावर नहाणी तुंबली तर दोष नहाणीत किंवा तिच्या पुढे. आणि बादलीत पण छान, नहाणीत पण छान, फक्त दोन्ही जोडले की हळू, असं झालं तर दोष कचऱ्याचा नाहीच, हवेचा आहे, त्यावर खाली लिहितो कारण तुमच्याकडे त्याचा संशय मला जास्त आहे.

पावडरीने चार दिवस बरं का वाटतं हे तुम्ही विचारलंय. पाईपच्या आतून मेणचट थर चढलेला असतो, तेल, साबण, कपड्यांची लव, सगळं मिळून. पावडर म्हणजे कॉस्टिक, ती तेलाचा साबण करते आणि गरम होते, पण ती जाते पाण्याच्या वाटेनेच, म्हणजे मधोमध एक बोगदा पाडते, बोटाएवढा. कडेचा थर तसाच राहतो. त्या बोगद्यात पहिल्या दोन-तीन धुण्याची लव अडकली की बोगदा बंद. वर आणि बॉटल ट्रॅप असेल तर पावडर जास्त टाकली की त्याच्या तळाच्या वाटीत बसते आणि न विरघळता दगडासारखी घट्ट होते, मी अशा वाट्या छिन्नीने फोडून काढल्यात. सोडा-व्हिनेगरचं तर सांगायलाच नको, एक अल्कली आणि एक आम्ल, दोघं एकमेकांना मारून टाकतात, फेस दिसतो म्हणून काम होतंय असं वाटतं, पण उरतं ते जवळजवळ साधं खारट पाणी, त्याने तेलाचा थर हलत नाही.

आता उघडायचं कसं. बॉटल ट्रॅप उघडायला तुम्हाला प्लंबर नको, खरंच नको. हातमोजे घाला, चष्मा घाला कारण तुम्ही पावडर टाकलेली आहे आणि ती आत शिल्लक असू शकते, खाली टब ठेवा. बॉटल ट्रॅपची खालची वाटी असते ती हातानेच फिरवा, घड्याळाच्या उलट दिशेने म्हणजे खालून बघताना डावीकडे. पाना लावू नका, प्लास्टिकचे आटे एकदा खाल्ले की वाटी परत कधीच पाणी धरत नाही. घट्ट असेल तर वरून कोमट पाणी घातलेलं फडकं दोन मिनिटं गुंडाळा, मग रबरी मोजा घालून फिरवा. वाटी सुटली की आधी पाणी पडेल, मग जे पडेल ते बघून तोंड फिरवू नका, नीट बघा, कारण तेच तुमचं निदान आहे.

गेल्याच महिन्यात इंदिरानगरला एका काकूंच्या घरी अशीच वाटी काढली. आत राखाडी रंगाचा एक गोळा होता, ओल्या नमद्यासारखा, दाबला तर पाणी सुटत होतं आणि सोडला की परत फुगत होता. तो पिळून मी फरशीवर पसरला. त्यात कपड्यांची लव होती, मशीनमधून आलेली, तिला साबणाने एकत्र बांधलेलं, आत चहाची पावडर अडकलेली, तांदळाचे चार दाणे फुगून पांढरे झालेले, साडीच्या फॉलचा दोरा सगळ्याला गुंडाळलेला, आणि मधोमध तारेच्या घासणीचा एक तुकडा, त्याला सगळं लटकलेलं. म्हणजे सुरुवात त्या तारेच्या तुकड्याने झाली, तो आडवा बसला, त्याने दोरा धरला, दोऱ्याने लव धरली, लवेने चहा धरला. काकूंना म्हटलं तुमचा आजार हा एवढा, पाव इंच तार. त्यांनी आठ महिने दर पंधरा दिवसाला पावडर टाकली होती आणि त्या तारेला कुठल्याही पावडरीने काहीही होणार नव्हतं.

तुमच्या वाटीत बहुतेक लवच निघेल कारण मशीन त्याच पाईपला आहे. पिवळट मेणासारखं निघालं तर ते तेल-तूप, दिवाळीपासून त्रास सुरू झाला म्हणताय म्हणून माझा तोही अंदाज आहे. आपल्याकडे हे दरवर्षी होतं, फराळाच्या कढया, चकलीचं तेल, वनस्पती तुपाचे डबे, सगळं त्याच आठवड्यात धुतलं जातं आणि लगेच थंडी. नाशिकची थंडी तुम्हाला माहितीये, डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १० च्या खाली जातो, बाल्कनीतला पाईप तर उघड्यावरच असतो, त्यात गेलेलं वनस्पती तूप दोन हात पुढे जाईपर्यंत गोठतं. दिवाळी झाल्यावरच्या पंधरवड्यात माझा फोन सगळ्यात जास्त वाजतो.

वाटी, कपलिंगचा आतला भाग, जाळी, सगळं जुन्या टूथब्रशने आणि भांड्याच्या लिक्विडने घासा. कपलिंगच्या आत चौफुलीसारखी पट्टी असते तिच्या मागे केस गुंडाळलेले असतात, ते वरून दिसत नाहीत, खालून बोट घालून बघा. बॉटल ट्रॅपमध्ये आत एक उभी नळी खाली आलेली असते, तिच्या बाहेरच्या बाजूलाही थर असतो आणि हाच लोक विसरतात, वाटी चकाचक करतात आणि परत लावतात, पाणी हळूच.

त्यानंतर तो घड्या घड्यांचा वेस्ट पाईप. माझं स्पष्ट मत आहे की सिंकखाली हा पाईप जितका कमी तितका चांगला. आतून गुळगुळीत नसतो, प्रत्येक घडीत साका बसतो. दुसरं म्हणजे लांबीला मोठा असला की लोक कापत नाहीत, तसाच वळवून कोंबतात, मग त्याला झोळ पडतो. झोळ पडला की त्यात पाणी कायम उभं, पाणी उभं की गाळ बसणार, हे ठरलेलंच. आडव्या पाईपला मीटरमागे साधारण दोन सेंटीमीटर ढाळ लागतो, आणि झोळ म्हणजे उलटा ढाळ. तिसरी चूक, पाईपचं टोक नहाणीत किंवा पुढच्या एल्बोमध्ये (वळणाच्या जोडात) इतकं आत ढकलतात की ते समोरच्या भिंतीला टेकतं, चाळीसच्या पाईपचं तोंड तिथे बोटभर फटीएवढं उरतं. हे मी किती घरांत बघितलं असेल त्याची गणती नाही. पाईप चार बोटं मागे ओढला आणि पाणी सुटलं, दुसरं काहीच केलं नाही. तुमचा पाईप बाहेर काढाल तेव्हा त्याच्या टोकावर एका बाजूला घासल्याची खूण किंवा काळा डाग आहे का बघा, असेल तर तो टेकत होता.

शक्य असेल तर हा पाईप काढून ४० एमएमचा साधा कडक पीव्हीसी पाईप लावून घ्या, वळणाला एक काटकोनी एल्बो मारण्याऐवजी दोन ४५ चे एल्बो मारा, पाणी आणि कचरा दोन्ही सरळ निघतात. सामान कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, खर्च काहीशे रुपयांचा आहे, टाईल फोडण्याच्या पुढे तो काहीच नाही.

आता हवेचं. तुमच्याकडे बॉटल ट्रॅप आहे आणि खाली नहाणी ट्रॅपही आहे. ट्रॅप म्हणजे काय तर पाण्याचा पडदा, गटाराचा वास आणि किडे वर येऊ नयेत म्हणून वाकड्या जागेत थोडं पाणी मुद्दाम अडवून ठेवायचं. युक्ती जुनी आहे, लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या स्कॉटिश घड्याळजीने १७७५ साली संडासाच्या भांड्याला एस आकाराचा बाक देऊन तिचं पेटंट घेतलं होतं. पण पडदा एकच हवा. दोन पडदे एकामागे एक आले की मधल्या पाईपात हवा कोंडते, वरून पाणी येतं ते हवेला ढकलतं, हवा खाली पाण्याच्या पडद्याला अडते, आणि मग ती वर येते, गट, गट, गट. तुम्ही जो आवाज लिहिलाय तो हाच. आधी निदान पाईप आणि नहाणीच्या मधल्या फटीतून हवा निघून जात होती, झुरळांसाठी एम-सील लावलं आणि तीही वाट गेली. तुम्ही तारखा आठवून बघा, हळू जाणं वाढलं ते एम-सील लावल्यावर का? मला वाटतं तसंच असेल.

यावर उपाय सोपा आहे. नहाणी ट्रॅप चांगला असेल, त्यात पाणी टिकत असेल, तर सिंकखालचा बॉटल ट्रॅप काढून सरळ पाईप घ्या. किंवा बॉटल ट्रॅप ठेवायचाच असेल तर पाईपचं टोक नहाणीच्या पाण्यात बुडवू नका, पाण्याच्या वर दोन बोटं राहू द्या आणि भोवती सील करू नका, त्याऐवजी पाईपच्या भोकाची जाळी मिळते ती लावा, झुरळ अडतं आणि हवा जाते. मी स्वतः पहिला पर्याय करतो, कारण भांड्यांच्या सिंकखाली जितक्या कमी वाकड्या जागा तितकं बरं. एक काळजी मात्र घ्या, गावाला जाताना नहाणीत तांब्याभर पाणी ओतून जा, उन्हाळ्यात आठ-पंधरा दिवसांत नहाणीतलं पाणी आटतं आणि मग वास आणि झुरळं दोन्ही मोकळी.

मशीनचं पाणी वेगळं करा, हे मी आग्रहाने सांगतो. मशीनचा पंप मिनिटाला पंधरा-वीस लिटर सहज ढकलतो, सिंकच्या पाईपला आपल्या वजनाने जाणाऱ्या पाण्याची सवय असते. टी मधे आली की मशीनचं पाणी जिथे वाट मिळेल तिथे जातं, खाली अडथळा असेल तर वर सिंकमध्ये, आणि सोबत लव घेऊन येतं ती तुमच्या जाळीखाली सोडून जातं. मशीनचा होस स्वतंत्र नहाणीत सोडा. फ्रंट लोड असेल तर होस जमिनीवर आडवा टाकू नका, साधारण ६० ते १०० सेंटीमीटर उंचीवर त्याचा बाक यायला हवा नाहीतर मशीन भरता भरताच पाणी बाहेर ओढलं जातं. टॉप लोडची बरीच मॉडेल पाणी खालीच सोडतात, त्यामुळे मशीनसोबतचं पुस्तक बघूनच करा. होसच्या तोंडाला नायलॉनचा जुना पायमोजा रबराने बांधला तर लव त्यातच अडकते, पण दर चार-पाच धुण्यांनी तो उलटा करून धुवायचा, भरलेला तसाच ठेवला तर पंपावर ताण येतो.

तिसऱ्या पायरीत नहाणीच तुंबली तर? जाळी उचला, आत वाटी उपडी घातलेली असते ती काढा, मोजा घालून हात घाला आणि गाळ बाहेर काढा, पुढे ढकलू नका. ती वाटी फेकून देऊ नका, पाणी लवकर जावं म्हणून लोक ती काढून टाकतात आणि मग महिनाभराने वासाची तक्रार करतात, ती वाटी म्हणजेच पडदा. इथे रबरी पंप मारायचा असेल तर मशीनचा होस आणि वेस्ट पाईपची तोंडं ओल्या फडक्याने घट्ट बंद करा नाहीतर सगळा जोर तिकडून निघून जातो, आणि पंपाला पाण्याखाली बुडवून मारा, कोरड्यात मारून काहीच होत नाही. दहा-बारा वेळा दमाने वर-खाली, आणि शेवटचा झटका वर ओढायचा. लोक फक्त दाबतात, अडकलेली गोष्ट ओढण्याने सुटते.

पंपाने नाही झालं तर स्प्रिंग, म्हणजे पाईपात फिरवत घालायची लांब लवचिक तार. हार्डवेअरच्या दुकानात हँडलवाली तीन ते पाच मीटरची मिळते, घरासाठी पुरते. घालताना एकाच दिशेने फिरवत घाला, घड्याळाच्या दिशेने, उलटी फिरवली तर आत पीळ सुटून गाठ बसते. हाताला काय लागतं ते समजून घ्या, ठक्क करून कडक लागलं आणि थोडं फिरवल्यावर पुढे गेली तर तो एल्बो होता, काही बिघडलेलं नाही. मऊ लागलं, स्प्रिंग जाते पण जड जड जाते, तर तो गाळ, तिथे पुढे-मागे करत फिरवा आणि बाहेर काढून फडक्याने पुसा, परत घाला, असं चार-पाच वेळा. एकदा भोक पडलं म्हणून थांबू नका, नाहीतर तोच बोगदा आणि तोच चार दिवसांचा खेळ. शेवटी दोन-तीन बादल्या गरम पाणी एका दमात. गरम म्हणजे हाताला सोसेल इतपतच, उकळतं नको, पीव्हीसी ६० डिग्रीच्या वर मऊ पडायला लागतो आणि जोड सैल होतात. बटाटे उकडलेलं, पास्ता गाळलेलं पाणीही थेट सिंकमध्ये ओतू नका, थोडं थंड होऊ द्या.

स्प्रिंग एकाच ठिकाणी दगडासारखी आपटून थांबत असेल, फिरवली तरी टोकाला पांढरी भुकटी लागून येत असेल, तर ते सिमेंट आहे. नव्या फ्लॅटमध्ये हे फार आहे. टाईल बसवणारे ग्राऊट आणि व्हाईट सिमेंटची घमेली त्याच नहाणीत धुतात, रंगवाले पुट्टीचे डबे धुतात, ते एल्बोत जाऊन बसतं आणि पाईपचा तळ अर्धा भरतो. पहिली काही वर्षं पाणी वरून जात राहतं, कळत नाही, मग त्या खडबडीत सिमेंटवर लव धरायला लागते. याला ॲसिड टाकून उपयोग होत नाही. पण टाईल तरीही फोडायची नाही. तुमच्या नहाणीचा पाईप खालच्या फ्लॅटच्या बाल्कनीच्या छताखाली लटकलेला असणार, तिथे बहुतेक वेळा दरवाजावाला एल्बो असतो, चार स्क्रूचं झाकण. खालच्यांना विचारून, त्यांच्या सोयीची वेळ घेऊन, त्यांच्या सामानावर प्लास्टिक टाकून ते झाकण उघडायचं. दरवाजा नसेल तर तेवढा एल्बो कापून दरवाजावाला नवीन बसवायचा, अर्ध्या दिवसाचं काम. म्हणून म्हणतो, टाईल फोडायला सांगणाऱ्याला आधी विचारा की खालून बघितलं का.

दोन वर्षांपूर्वी म्हसरूळला एका घरात सगळं साफ होतं, स्प्रिंग सरळ जात होती, तरी तिन्ही मजल्यांची सिंकं गटगटत होती आणि पाणी दम खात जात होतं. मी दोन तास घालवले आणि मग टेरेसवर गेलो. पावसाळ्याआधी वॉटरप्रूफिंग करणाऱ्यांनी उभ्या लाईनीच्या तोंडावर, जिथून लाईनीत हवा जाते, केमिकल आत पडू नये म्हणून प्लास्टिकची पिशवी बांधली होती आणि काम झाल्यावर काढायची राहून गेली. ती सोडली आणि खाली फोन करून विचारलं तर पाणी सुटलेलं. त्या दिवसापासून आवाज असेल तर मी टेरेस आधी बघतो. तुम्हीही एक चक्कर मारून या, पाईपच्या तोंडावर टोपी सरळ आहे का, कबुतराने काड्या भरल्यात का.

आता केमिकलबद्दल जरा कडक बोलतो. पावडर टाकलेल्या पाईपात बाथरूमचं ॲसिड कधीही ओतू नका, दोन्ही भेटले की उष्णतेने उसळून तोंडावर येतं. ॲसिड आणि ब्लीच एकत्र झालं तर क्लोरीन वायू निघतो, बाल्कनीला काच लावलेली असेल तर तो छातीत जातो, हे जिवावरचं आहे. ॲसिडने स्टीलच्या सिंकला खड्डे पडतात ते वेगळंच. माझ्या डाव्या मनगटावर चट्टा आहे, एका घरी पावडर टाकली होती आणि त्यांनी सांगितलं नाही, वाटी उघडली आणि ते पाणी मोज्यात शिरलं. म्हणून प्लंबर कोणीही बोलवा, काय काय टाकलंय आणि कधी टाकलंय ते दारातच सांगा. आणि सोसायटीच्या चेंबरपर्यंत विषय गेला तर जेटिंगची गाडी, म्हणजे जोराच्या पाण्याने लाईन साफ करणारी, बोलवायला सांगा, कुणालाही आत उतरवू देऊ नका. गटारात, सेप्टिक टँकमध्ये माणसाला असं धोक्यात उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि कायदा नसता तरी आतल्या वायूने माणूस हाक मारायच्या आत जातो.

पाण्याचं एक राहिलं. तुमच्याकडे उन्हाळ्यात बोअरचं किंवा टँकरचं पाणी वापरात येत असेल तर थर लवकर चढतो, कारण जड पाण्यातला चुना साबणाला धरून न विरघळणारा साका तयार करतो, बादलीच्या कडेला पांढरट वळं दिसतं ना, तेच पाईपच्या आत असतं. अशा घरात बॉटल ट्रॅपची वाटी दर दोन महिन्यांनी काढून धुवायची, इतरांनी सहा महिन्यांनी केलं तरी चालतं. तेलकट कढई, मिसळीच्या तर्रीचं पातेलं आधी कागदाने पुसून मग धुवायचं, खालच्या जाळीवर आणखी एक बारीक जाळी ठेवायची, चहाचा चोथा कुंडीत. एवढ्याने निम्मी कामं माझ्याकडे येणारच नाहीत आणि ती न आलेलीच बरी.

सगळं परत लावताना रबरी वायसर नीट बघा, कडा चिरलेली असेल तर नवीन घ्या, आणि तो खाचेत सपाट बसलाय याची खात्री करा. वायसर असलेल्या नटावर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, तिथे वायसरच पाणी धरतो, टेपने उलट आटे वाकडे चढतात. हाताने घट्ट, वर जरासा पाव फेरा. मग खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरा, १० लिटर पाणी सोडा आणि पंधरा मिनिटांनी कागद बघा, एक थेंब पडला तरी कागदावर कळतो, डोळ्यांना पाईपवर कळत नाही.

तर ताई, उद्या मशीन लावायच्या आधी एवढं करा, बादलीच्या तिन्ही पायऱ्या करा, एम-सील दुसऱ्या पायरीलाच काढा. सिंकमधून नहाणीत किती सेकंद, सिंकमधून बादलीत किती सेकंद, आणि नहाणीत ओतल्यावर पाणी वर आलं का नाही, या तीन गोष्टी मला कळवा. पाईपच्या टोकावरच्या डागाचा फोटो मिळाला तर अजून चांगलं. त्यावरून स्प्रिंग लागेल का नुसता पाईप बदलून भागेल ते मी सांगतो, आणि खालच्या मजल्यावरच्यांशी बोलायचं असेल तर ते त्यानंतरच बोला.